शांतीची वाट

पाठाविषयी

सह्याद्रीतील गड चढणाऱ्याला एक गोष्ट लवकर उमगते. ज्या वाटेने तो हौसेने चालत असतो, ती वाट हौसेसाठी बांधलेली नसते. दरवाजाआधीचे अवघड वळण, बुरुजाच्या माऱ्यात येणारी अरुंद चढण, कड्यात खोदलेले पाण्याचे टाके ही सर्व युद्धाची तयारी असते. काळ लोटतो, बुरुजावर गवत वाढते आणि चढणाऱ्याच्या मनात त्या तयारीतील धास्ती उरत नाही. प्रस्तुत पाठात युरोपातील अशाच एका प्रदेशाची ओळख करून दिली आहे. हा प्रदेश स्लोव्हेनिया आणि इटली या दोन देशांच्या सीमेवर आहे. पहिल्या महायुद्धातील एका भीषण आघाडीवरून आज तेथे पायवाटांची एक साखळी गेली आहे. तेथील युद्ध मात्र अजून पुरते जुने झालेले नाही. जमिनीखालचा दारूगोळा शंभर वर्षांनंतरही जिवंत आहे. पाठ वाचताना युरोपचा नकाशा समोर ठेवल्यास वाटेचा माग ठेवणे सोपे जाईल.

नदी आणि आघाडी

स्लोव्हेनियाच्या वायव्य कोपऱ्यात, ज्युलियन आल्प्स नावाच्या पर्वतराजीत, सोचा नदीचा उगम होतो. सुमारे १३८ किलोमीटर वाहून ती इटलीच्या हद्दीत एड्रियाटिक समुद्राला मिळते. इटालियन लोक तिला इझोन्झो म्हणतात. हा सारा प्रदेश चुनखडीच्या खडकाचा आहे. त्यामुळे नदीचे पाणी पाचूसारखे हिरवे आणि इतके नितळ दिसते की, खोल डोहातील पांढरे गोटेही काठावरून मोजता यावेत.

या खोऱ्यात जन्मलेल्या सिमोन ग्रेगोर्चिच या कवीने १८७९ मध्ये सोचा नदीवर एक कविता लिहिली. तीत तिच्या काठी पुढे रक्ताचे पाट वाहतील, अशी भीती त्याने व्यक्त केली होती. कवी १९०६ मध्ये वारला आणि त्यानंतर नऊ वर्षांनी त्याची भीती खरी ठरली. पुढे लोक त्या कवितेला भाकीत मानू लागले. कवीला दिव्यदृष्टी होती असे मानण्याचे मात्र कारण नाही. मोठ्या सत्तांच्या सीमेजवळ राहणाऱ्या लहान समाजाला असे भय नेहमीच वाटत असते.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा इटली तटस्थ होता. एप्रिल १९१५ मध्ये लंडन येथे झालेल्या गुप्त करारात मित्रराष्ट्रांनी त्याला त्रिएस्त बंदर आणि आसपासचा प्रदेश देऊ केला. त्यानंतर २३ मे १९१५ रोजी इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले. ऑस्ट्रियन सेनेने सपाट भाग सोडून नदीकडेच्या उंचवट्यांचा आश्रय घेतला. उत्तरेकडील रोम्बोन पर्वतापासून दक्षिणेकडील समुद्रापर्यंत सुमारे ९० किलोमीटर लांबीची आघाडी उभी राहिली. पुढील एकोणतीस महिन्यांत तेथे बारा लढाया झाल्या. त्यांतील पहिल्या अकरा लढायांत इटलीने आक्रमण केले. इटलीचे सरसेनापती लुइजी कादोर्ना आणि बचाव करणारे स्वेतोझार बोरोएविच हे दोघेही हट्टी होते, आणि त्यांच्या हट्टाची किंमत डोंगरावरच्या शिपायांनी मोजली. ऑगस्ट १९१६ मध्ये गोरित्सिया हे शहर इटलीच्या हाती आले. एवढे एक मोठे यश वगळता अनेक लढायांचा निकाल एखादी टेकडी किंवा काही किलोमीटर जमीन एवढाच होता. दोन्ही बाजूंचे मिळून लाखो सैनिक त्यात मारले गेले अथवा जखमी झाले.

बारावी लढाई वेगळी होती. २४ ऑक्टोबर १९१७ च्या पहाटे, पाऊस आणि धुके असताना, जर्मन व ऑस्ट्रियन सैन्याने विषारी वायू आणि तोफा यांच्या साहाय्याने बोवेत्स व तोल्मिन या गावांच्या दरम्यान आघाडी फोडली. इटालियन सैन्य शंभर किलोमीटरहून अधिक मागे, पियावे नदीपर्यंत हटले आणि सुमारे तीन लाख सैनिक कैद झाले. या खोऱ्यातील कोबारिद गावाला इटालियन भाषेत ‘कापोरेत्तो’ म्हणतात. सपशेल पराभव या अर्थाने तो शब्द इटालियन लोकांच्या बोलण्यात आजही येतो. अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे याच्या १९२९ च्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीत या माघारीचे प्रत्ययकारी वर्णन आहे. गंमत अशी की, हेमिंग्वे इटलीतील युद्धक्षेत्रात १९१८ मध्ये पोहोचला. ही माघार त्याने पाहिलीच नव्हती.

खेचरांच्या वाटा

या आघाडीचा वरचा निम्मा भाग उंच पर्वतांतून जात होता. क्रन हे तेथील एक शिखर २२४४ मीटर उंचीचे आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा सुमारे सहाशे मीटर उंच. जून १९१५ मध्ये इटलीच्या पहाडी सैनिकांनी ते जिंकले आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ दोन्ही सैन्ये त्या कड्यांवर समोरासमोर बसून राहिली. अशा उंचीवर शत्रूशी लढण्याआधी पोटाशी लढावे लागते. पाणी, पीठ, सरपण, औषधे, गोळे, सारे काही खालून न्यावे लागे. हलक्या वस्तू माणसांनी पाठीवर नेल्या. जड वस्तूंसाठी दोरमार्ग बांधले गेले. उरलेला भार खेचरांवर पडला.

आजच्या पदभ्रमणासाठी याच गोष्टीला सर्वाधिक महत्त्व आहे. लादलेले खेचर खडी चढण चढू शकत नाही. म्हणून सैन्याच्या अभियंत्यांनी डोंगराच्या अंगाने नागमोडी, एकसारख्या मंद चढाच्या वाटा काढल्या आणि दरीच्या बाजूला चुन्याविना दगड रचून त्या पेलून धरल्या. त्या इतक्या निगुतीने केल्या होत्या की, शंभर वर्षांचा बर्फ सोसूनही त्यांतील पुष्कळ वाटा शाबूत आहेत. क्रनवर जाणारा आजचा प्रवासी दमतो, पण धापा टाकत नाही. त्याच्या पायाखालचा चढ मुळात खेचराच्या दमाप्रमाणे ठरवलेला आहे.

माथ्यावर पोहोचल्यावर मात्र वाटेचा सौम्यपणा संपतो. क्रनला लागून असलेल्या बातोग्नित्सा नावाच्या शिखरावर दोन्ही सैन्यांचे खंदक अगदी जवळजवळ होते. येथे माती नाही. खंदक खणायचे म्हणजे खडक फोडायचे. तोफेचा गोळा पडला की त्याच्या लोखंडी तुकड्यांबरोबर चुनखडीच्या कपच्याही उडत आणि त्यांनी झालेल्या जखमा तितक्याच घातक असत. म्हणून सैनिक खडकाच्या पोटात शिरले. त्यांनी गुहा कोरल्या, जिने कोरले आणि अखेरीस शत्रूच्या पायाखाली सुरुंग पेरण्यासाठी दोन्ही बाजूंनी भुयारे खोदली. ते दगडी जिने आजही आहेत. त्यांच्या कडेला गंजलेली काटेरी तार, पत्र्याचे तुकडे आणि बुटांचे तळवे दिसतात.

हिवाळ्यात तर शत्रूची गरजच नव्हती. हिमलोटांनी झोपड्यांसह माणसे गाडली जात. आघाडीच्या मागे व्रशिच खिंडीतून रसदीचा रस्ता काढण्यासाठी ऑस्ट्रियाने रशियन युद्धकैद्यांना राबवले. मार्च १९१६ मध्ये तेथे कोसळलेल्या हिमलोटाखाली शंभरहून अधिक कैदी मेले. मागे राहिलेल्या कैद्यांनी त्यांच्या आठवणीसाठी लाकडाचे एक लहान प्रार्थनामंदिर बांधले. ते आजही रस्त्याच्या वळणावर उभे आहे. ज्या युद्धाशी आपला संबंध नाही अशा आघाडीसाठी, परक्या देशात, शत्रूचा रस्ता बांधताना मेलेल्या माणसांचे ते स्मारक आहे. त्या घाटातून जाणाऱ्या मोटारींतील फार थोड्या लोकांना रस्ता कोणी बांधला हे ठाऊक असते.

मृत कोणाचे?

युद्धाची गोष्ट सांगताना सैन्यांविषयीच बोलले जाते. त्या गावांतील माणसे कोठे होती, हा प्रश्न मागे पडतो. खोऱ्यातील लोक स्लोव्हेन भाषा बोलणारे शेतकरी व पशुपालक होते. त्यांचे तरुण ऑस्ट्रियाच्या सैन्यात भरती झाले होते. १९१५ मध्ये आघाडीवरील गावे रिकामी करण्यात आली. काही कुटुंबे ऑस्ट्रियातील निर्वासितांच्या छावण्यांत, तर इटलीच्या ताब्यात आलेल्या भागातील काही इटलीत पाठवली गेली. परत आलेल्यांना घरांच्या जागी दगडांचे ढीग आणि शेतांत लोखंड मिळाले. पुढील कित्येक वर्षे हे लोखंड गोळा करून विकणे हाच अनेकांचा पोटापाण्याचा उद्योग झाला. न फुटलेला गोळा उघडताना अनेकांचे प्राण गेले. कुंपणाला काटेरी तारेचे लष्करी खांब वापरले गेले. गोळ्यांच्या पितळी नळकांड्यांच्या फुलदाण्या झाल्या.

दरम्यान या लोकांचा देश बदलत राहिला. १९२० च्या रापाल्लो करारानुसार खोरे इटलीकडे गेले आणि फासिस्ट राजवटीत तेथील शाळांतून स्लोव्हेन भाषा हद्दपार झाली. १९४७ मध्ये खोऱ्याचा बहुतेक भाग युगोस्लाव्हियाला मिळाला. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. १९१० मध्ये कोबारिदला जन्मलेली आणि ऐंशी वर्षांहून अधिक जगलेली व्यक्ती आपले घर न सोडता चार देशांची नागरिक झाली असती.

ही पार्श्वभूमी ठाऊक असल्याखेरीज कोबारिदच्या टेकडीवरील अस्थिस्मारकाचा अर्थ लागत नाही. संत अँथनीच्या जुन्या चर्चभोवती दगडी कमानींचे तीन थर आहेत आणि त्यांत ७,०१४ इटालियन सैनिकांच्या अस्थी आहेत. सप्टेंबर १९३८ मध्ये मुसोलिनीने त्याचे उद्घाटन केले. त्याच वर्षी दक्षिणेला रेडिपुल्या येथे बावीस प्रचंड पायऱ्यांचे स्मारक उघडले गेले. तेथे एक लाखाहून अधिक सैनिक विसावले आहेत आणि त्यांतील साठ हजारांची नावेही ठाऊक नाहीत. त्या पायऱ्यांवर ‘हजर’ या अर्थाचा इटालियन शब्द पुन्हा पुन्हा कोरला आहे, जणू मृत सैनिक आजही हजेरीला उभे आहेत. या वास्तू भव्य आहेत, पण त्यांचा उद्देश केवळ शोक हा नव्हता. ‘जेथे आमची माणसे पडली ती भूमी आमची’ हा दावा त्या दगडांतून मांडला होता. जे जिवंतपणी सेनापतींच्या आज्ञेखाली होते, त्यांना मेल्यावरही पहारा देण्यास लावले गेले. आणि खाली गावात, ज्यांची स्वतःची मुले विरुद्ध बाजूने लढताना मेली होती, ते लोक स्वतःच्या भाषेत शिकू शकत नव्हते.

वाट कशी घडली

युद्धाच्या स्मृतीकडे वेगळ्या दृष्टीने पाहण्यास आरंभ कोबारिदमध्येच झाला. १९९० मध्ये तेथे एक संग्रहालय उघडले. गावातील व आसपासच्या लोकांनी जमवलेल्या वस्तूंवर ते उभे राहिले. त्यात विजयाचे दालन नाही. एक दालन बर्फातील युद्धाचे आहे, एक क्रन पर्वताचे आहे, आणि काळे दालन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोलीत विद्रूप झालेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे आहेत. दोन्ही सैन्यांचे सामान शेजारी शेजारी ठेवलेले आहे. १९९३ मध्ये या संग्रहालयाला युरोप परिषदेचा पुरस्कार मिळाला.

त्यानंतर २००० मध्ये एका प्रतिष्ठानाची स्थापना झाली. खंदक, गुहा, दफनभूमी आणि प्रार्थनास्थळे यांची डागडुजी करून ती एका पायवाटेने जोडणे हे काम या प्रतिष्ठानाने हाती घेतले. स्लोव्हेन भाषेत या वाटेचे नाव ‘पोत मिरू’ असे आहे. त्याचा अर्थ शांतीची वाट. प्रथम ती खोऱ्याच्या वरच्या भागापुरती होती. आता ती आल्प्सपासून त्रिएस्तपर्यंत पोहोचली असून फाटे धरल्यास तिची लांबी शेकडो किलोमीटर भरते. नवे बांधकाम त्यात थोडेच आहे. झाडोरा काढणे, ढासळलेले दगड पुन्हा रचणे, दिशाफलक लावणे आणि वाटेवर काय घडले हे अनेक भाषांतून सांगणे, एवढेच प्रामुख्याने केले गेले. वाट तयारच होती. ती खेचरांसाठी केलेली होती.

वाटेवरील काही ठिकाणे

उत्तरेकडून चालू लागल्यास आरंभीच लोग पोद मांगार्तम हे लहान गाव लागते. युद्धकाळात येथे ऑस्ट्रियाच्या सैन्यातील बोस्नियाच्या मुस्लिम सैनिकांनी एक मशीद बांधली होती. युद्धानंतर ती नाहीशी झाली आणि पुढे सुमारे शंभर वर्षे, २०२० मध्ये राजधानी ल्युब्लियाना येथे मशीद उघडेपर्यंत, त्या देशात दुसरी मशीद नव्हती. गावाबाहेरच्या लष्करी दफनभूमीत ख्रिस्ती आणि मुस्लिम सैनिक एकत्र विसावले आहेत. तेथील स्मारकात दोन सैनिक उभे आहेत, त्यांतील एक बोस्नियन. दोघांचीही नजर रोम्बोनच्या कड्याकडे आहे, जेथे त्यांचे सोबती पडले.

कोबारिदभोवतीची सुमारे पाच किलोमीटरची फेरी नवख्यांना सोयीची आहे. संग्रहालयापासून निघालेली वाट अस्थिस्मारकावरून जंगलात शिरते, इटालियन खंदकांतून फिरते आणि ५२ मीटर लांबीच्या झुलत्या पुलावरून सोचा ओलांडते. पलीकडे कोझ्याक नावाचा धबधबा काळोख्या घळीत कोसळतो. परतीच्या वाटेवर नेपोलियनच्या नावाने ओळखला जाणारा पूल लागतो. जुना पूल १७५० मध्ये बांधलेला होता. मे १९१५ मध्ये माघार घेताना ऑस्ट्रियन सैन्याने तो उडवून दिला. युद्धाचा तेथील पहिला घाव असा स्वतःच्याच पुलावर पडला.

कोबारिदच्या दक्षिणेस कोलोव्रातची लांब डोंगरधार आहे. धारेवरूनच स्लोव्हेनिया व इटली यांची सीमा जाते. येथे इटलीची तिसरी संरक्षक फळी होती. दुरुस्त केलेले खंदक, निरीक्षणाच्या जागा आणि मशीनगनची ठाणी आज खुल्या आकाशाखालच्या संग्रहालयासारखी पाहता येतात. खंदकात उतरल्यावर माणसाच्या खांद्यापर्यंत दगडी भिंत येते आणि दिसते ती फक्त आकाशाची पट्टी. बाहेर पडल्यावर एका बाजूस क्रनचा सुळका आणि हवा स्वच्छ असल्यास दुसऱ्या बाजूस समुद्राची रेघ दिसते. सैनिकाला दुसरे दृश्य उपभोगता येत नव्हते, कारण डोके वर काढणे म्हणजे मरण होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेला एर्विन रोमेल ऑक्टोबर १९१७ मध्ये तरुण अधिकारी म्हणून याच धारेवरून मातायुर शिखरापर्यंत चढून गेला होता. त्याच्या धाडसाच्या कथा सांगणारे वाटाडे पुष्कळ भेटतात. येथील गुरे मात्र खंदकाच्या कडेवर निवांत चरत असतात. सीमेचे लहान दगड गवतात आहेत. डिसेंबर २००७ मध्ये या सीमेवरील तपासणी बंद झाल्यापासून चालणारा माणूस न कळत दहा वेळा सीमा ओलांडतो.

तोल्मिनच्या वर, तोल्मिन्का नदीच्या खोऱ्यात, यावोर्त्सा येथे पवित्र आत्म्याचे एक लाकडी चर्च आहे. या वाटेवरचे एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल तर ते हेच पाहावे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या एका पहाडी तुकडीच्या सैनिकांनी १९१६ मध्ये मार्च ते नोव्हेंबर या काळात, लढाई चालू असतानाच, ते स्वतः बांधले. आराखडा रेमिगियस गायलिंग या व्हिएन्नाच्या चित्रकाराचा होता आणि तोही तेथे सैनिक म्हणूनच होता. बाहेरच्या भिंतींवर साम्राज्यातील वीस प्रांतांची चिन्हे रंगवलेली आहेत. ते साम्राज्य दोनच वर्षांनी नाहीसे झाले. आत गेल्यावर पुस्तकाच्या पानांप्रमाणे लावलेल्या ओकच्या फळ्या दिसतात. त्या दारूगोळ्याच्या खोक्यांच्या आहेत. त्यांवर २,५६४ मृत सैनिकांची नावे तापलेल्या लोखंडाने डागून लिहिली आहेत. ही नावे जर्मन, हंगेरियन, झेक, पोलिश, स्लाव अशी अनेक वळणांची आहेत आणि त्यांवर पराक्रमाची भाषा नाही. ज्या फळ्यांतून गोळे आले त्याच फळ्यांवर माणसांची नावे परत आली. रेडिपुल्याच्या पायऱ्या पाहिलेल्या माणसाला या लहानशा खोलीत उभे राहिल्यावर दोन स्मारकांतील अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही. २०१८ मध्ये या चर्चला युरोपीय वारशाचे मानचिन्ह मिळाले.

त्यापुढे वाट उतरू लागते. गोरित्सियाच्या वर साबोतिन या ६०९ मीटर उंचीच्या डोंगराच्या पोटात गुहांचे जाळे आहे. तो डोंगरही सीमेवरच आहे. खालचे शहर १९४७ च्या सीमारेषेने तोडले. जुने गोरित्सिया इटलीत राहिले आणि युगोस्लाव्हियाने शेजारी नोवा गोरित्सा, म्हणजे ‘नवे गोरित्सा’, वसवले. त्या रेषेने मिरेन नावाच्या गावाची दफनभूमीही दुभंगली आणि १९७५ पर्यंत ती तशीच राहिली. २०२५ मध्ये नोवा गोरित्सा व गोरित्सिया या दोन्ही शहरांनी मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी हा मान भूषवला.

अजून जिवंत असलेली जमीन

वाटेच्या आरंभी प्रवाशाला एक सूचना दिली जाते. खुणांची वाट सोडू नये. लोखंडाची कोणतीही वस्तू दिसली तर तिला हात लावू नये, उचलू नये, तिच्याजवळ शेकोटी पेटवू नये आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. नवख्या माणसाला ही अतिदक्षता वाटते. गंजलेला गोळा दगडासारखा दिसतो. परंतु गंज बाहेरच्या लोखंडावर चढतो, आतील स्फोटक द्रव्य दीर्घकाळ तसेच राहू शकते. त्याचा कळ दाबण्याचा भाग कालांतराने अधिक नाजूकही होतो. स्मरणिका म्हणून एखादा तुकडा खिशात घालण्याची हौस अशा ठिकाणी जिवावर बेतू शकते.

गोरित्सियाच्या दक्षिणेस क्रास हे चुनखडीचे पठार आहे. युद्धाच्या वेळी ते बव्हंशी उघडे, पाण्यावाचून तळपणारे होते. पुढे त्यावर पाइन वृक्षांची आणि झुडपांची दाटी झाली आणि खंदक दृष्टिआड झाले. जुलै २०२२ मध्ये प्रचंड उष्णता व कोरड यांत तेथे वणवा पेटला. तो सुमारे दोन आठवडे धुमसत राहिला. स्लोव्हेनियाच्या बाजूस साडेतीन हजारांच्या आसपास हेक्टर क्षेत्र जळाले. त्या देशाने इतका मोठा वणवा पूर्वी पाहिला नव्हता. आग जसजशी पुढे सरकली तसतसे जमिनीतून स्फोट ऐकू येऊ लागले. शंभर वर्षे झोपलेले गोळे उष्णतेने फुटत होते. अग्निशामक दलाच्या जवानांना जंगलात शिरता येईना. त्यांनी रस्त्यांच्या व मोकळ्या पट्ट्यांच्या आधाराने आग रोखून धरली आणि आतल्या भागावर हेलिकॉप्टर व विमाने यांतून पाणी टाकले गेले. गावे वाचली. पण ज्या सेनापतींची नावे आता पाठ्यपुस्तकांतच उरली आहेत, त्यांच्या तोफांनी एकविसाव्या शतकातील माणसांना पुन्हा एकदा अडवून धरले.

आग विझल्यावर राखेने झाकलेल्या पठारावर एक नकाशा उमटला. झाडे गेली होती, पाला गेला होता आणि मागेपुढे वळत जाणाऱ्या खंदकांच्या रेषा, गोळ्यांचे खड्डे, गुहांची तोंडे स्पष्ट दिसू लागली. जेथे नवी रोपे लावायची तेथे आधी स्फोटके शोधणाऱ्या पथकांना जावे लागले. त्यांनी एकेक तुकडा तपासून मोकळा केला आणि त्यांच्या मागून, खुणेच्या पट्ट्यांच्या आत राहून, रोपे घेतलेली माणसे आली.

शब्दार्थ

आघाडी – दोन सैन्ये समोरासमोर लढतात ती रेषा. रसद – सैन्याला पुरवायचे अन्न, दारूगोळा इत्यादी सामान. हिमलोट – डोंगरावरून वेगाने घसरत येणारा बर्फाचा ढीग. अस्थिस्मारक – मृतांच्या अस्थी एकत्र ठेवून उभारलेली वास्तू. निगुतीने – काळजीपूर्वक, नीटनेटकेपणाने. बव्हंशी – बहुतेक प्रमाणात.

स्वाध्याय

१. क्रन पर्वतावरील वाटा आजच्या प्रवाशाला सोप्या का वाटतात, ते तीन-चार वाक्यांत लिहा.
२. ‘दोन स्मारकांतील अंतर’ असे पाठात कशाला म्हटले आहे? रेडिपुल्या व यावोर्त्सा यांची तुलना करून उत्तर लिहा.
३. सोचा खोऱ्यातील लोकांवर युद्धाचा व नंतरच्या सीमाबदलांचा कोणता परिणाम झाला?
४. २०२२ च्या वणव्यात अग्निशामक दलासमोर कोणती विशेष अडचण होती?
५. तुमच्या परिसरातील एखादा किल्ला, खिंड किंवा जुनी वाट पाहा. ती मुळात कशासाठी होती आणि आज तिचा उपयोग कसा होतो, याविषयी दहा-बारा वाक्ये लिहा.